पानांची फिल्म

त्या फिल्मला कोणी सुंदर म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं.

ती मीच काढली होती, भिलाईत पीएचडी करताना. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत निर्वात पोकळी असते, उघडा थेंब तिथे क्षणात उडून जातो. म्हणून तो दोन पातळ खिडक्यांमध्ये बंद करायचा आणि आतली रासायनिक क्रिया चालू असतानाच बघायची. खिडकी फुटली की अख्खा दिवस वाया. किती फोडल्या असतील मी! थेंबात चांदीचा क्षार आणि मोहाच्या पानांचा अर्क. या अर्कामुळे चांदीचे कण तयार होतात, असा आमच्या सरांचा दावा होता. पानं बाबा आणायचे. स्टील प्लांटमधून रिटायर झालेला माणूस, सकाळी स्कूटर काढून गावाकडच्या रस्त्याला जायचा आणि पानं धुऊन-पुसून पिशवी माझ्या हातात द्यायचा.

शेवटी कण दिसले. काळे ठिपके भराभर वाढत होते. हुडको कॉलनीतल्या घरी बाबांनी ते माझ्या मोबाइलवर तीनदा बघितलं.

"हे गोलाच्या अंदरच कावून होऊन राहिलं वं?"

गोल म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत पडला होता तेवढी जागा. मी हसण्यावारी नेलं, पण गोलातच का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी अर्क न घालता नुसत्या क्षाराचा थेंब ठेवला. तसेच कण, तेही गोलातच. पानांचा काडीचा संबंध नव्हता. झोतच कण बनवत होता. आम्हीच क्रिया घडवत होतो आणि आम्हीच तिची फिल्म काढत होतो.

सरांना दोन्ही दाखवलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कॉम्प्युटरवर पहिल्या फिल्मच्या चारी कडा कापून टाकल्या. गोल गेला, नुसते कण उरले.

"अब देखो, कितनी सुंदर फिल्म है!"

माझा थिसिस सहीसाठी त्यांच्याच टेबलावर पडला होता. मी दातओठ खात बाहेर आले. नुसती बाहेर आले. भेकड कुठली!

पुढच्या आठवड्यात बाहेरचे पाहुणे आले आणि सभागृहात फिल्म लागली. पानं आणणारे म्हणून बाबांनाही बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या शेजारी बसले होते. टाळ्या झाल्या. कोणाला काही विचारायचं आहे का, असं सरांनी हसत विचारलं. बाबा माझ्या कानाशी वाकले.

"तो गोल कुठं गेला वं? घरी तं होता. इचारू का मी?"

त्यांचा हात अर्धा वर गेलाही होता. मी तो खाली ओढला.

"चूप बसा ना बाबा! तुमाले काय समजते यातलं?"

पुढच्या रांगेतली दोन-तीन डोकी वळली. बाबांनी हात मांडीवर ठेवला.

"गलती झाली माही," ते हळूच म्हणाले, आणि मी त्यांना ते म्हणू दिलं.