सिस्टर दर वर्षी विचारायच्या

सिस्टर बेनिता गेल्याचं मला कॉलेजात, परीक्षेच्या गडबडीत कळलं. शाळेतल्या जुन्या क्लार्क फिलोमिनाबाईंचा फोन होता. "सर, सकाळी गेल्या. चार वाजता दफन आहे." मी कॅम्पात पोचलो तेव्हा लोक फुलं वाहून परत निघाले होते. वाघोलीहून येणाऱ्या रस्त्याला दोष देणं सोपं आहे आणि त्या दिवशी मी सगळ्यांना तेच सांगितलं. पण खरं म्हणजे सव्वातीनपर्यंत मी पेपरांच्या गठ्ठ्यांपाशी उगाच बसून होतो. निघायला पाय उचलत नव्हता. त्याचं कारण सांगायला मला जवळजवळ दीड महिना लागला आहे.

सिस्टर बेनिता एका कॅथलिक मुलींच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होत्या. पंचविशीत मी तिथे मराठी शिकवायला लागलो आणि चार वर्षं राहिलो. आयुष्यातली सर्वांत सुखाची नोकरी कोणती, असं विचारलं तर मी तीच सांगेन. शिक्षकखोलीत बारा बायका आणि मी. पहिले सहा महिने मुली हजेरीला "येस मिस" म्हणायच्या, मग जीभ चावून "सॉरी सर." नाताळच्या आधी डब्यांतून करंज्या आणि कुलकुल एकत्र यायचे आणि माझा डबा कोणी उघडतसुद्धा नसे. "बायकोनं केलंय की खानावळीचं?" असं विचारून, खानावळीचं म्हटल्यावर तो बाजूला सारला जायचा. सिस्टर मूळच्या गोव्याच्या. मराठी त्या मोठेपणी शिकल्या होत्या आणि ती इतकी शुद्ध बोलत, की शिपायालाही "आपण जरा घंटा द्याल का?" म्हणत. शाळेच्या सूचना त्या मला तपासायला देत. मी काही सुधारलं की चष्म्यावरून बघून म्हणत, "हे चूक होतं, की तुम्हाला आवडलं नाही?"

पहिल्याच दिवशी त्यांनी मला वर्गाच्या दाराशी नेलं. तिथे खिळ्याला दोरीनं एक लाकडी ठोकळा टांगला होता. त्याला सगळे 'पास' म्हणत. "बाईंच्या तासाला मुली उठून सांगतात. तुम्हाला त्या सांगणार नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "ज्या मुलीला बाहेर जायचं असेल ती पास घेईल, जाईल आणि येईल. तुम्ही विचारायचं नाही."

दोन वर्षं मी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी नववीच्या दोघी-तिघी माझ्या तासाला पास घेऊन मैदानाकडच्या झाडाखाली गप्पा मारताना मला दिसल्या. माझा तास सोडून झाडाखाली... मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी पास काढून टेबलाच्या खणात टाकला आणि जाहीर केलं की ज्या मुलीला जायचं असेल तिनं उठून कारण सांगावं.

वीस मिनिटांनी वैशाली उठली. बिबवेवाडीची, हुशार, कधी मान वर करून न बोलणारी मुलगी.

"सर, जाऊ?"

"कशाला?"

ती नुसती उभी राहिली.

"कारण सांग आणि जा."

ती खाली बसली. मी कविता पुढे शिकवली. तास संपल्यावर चहा प्यायला गेलो. ती मात्र बाकावरून उठली नाही. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला तरी नाही. शेवटी सिस्टर गेल्या, स्वतःचा स्वेटर तिच्या कमरेला बांधला आणि तिला रिक्षात बसवून घरी घेऊन गेल्या. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर सगळ्या वर्गाला कळलं होतं.

वैशाली शाळेत यायची थांबली. घरचे म्हणाले, पुरुष मास्तर असलेल्या शाळेत आता नको, नववीपर्यंत झालं ते पुष्कळ. सिस्टर तीनदा बसनं बिबवेवाडीला गेल्या. तिसऱ्या खेपेला तिला परत घेऊन आल्या. त्या संध्याकाळी मी त्यांच्या ऑफिसात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो आणि सगळं बोललो. पास मी काढला, माझं चुकलं, मला फार लाज वाटते.

त्या दमलेल्या होत्या. चपला काढून पाय स्टुलावर ठेवले होते. म्हणाल्या, "पास मी काढून ठेवला होता, असं मी तिच्या वडिलांना सांगितलं. नाहीतर त्यांनी पाठवलं नसतं. मी खोटं बोलले. ते मी फादरांकडे कबूल करीन. तुमचं कबूल करणं मला ऐकता येत नाही, सर. आणि ते माझ्याकडे करायचंही नाही."

त्यांचं म्हणणं मला तेव्हाच समजलं होतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीशी तो विषय काढायचा कसा? आणखी लाजेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग ती दहावी होऊन गेली. मग मला कॉलेजात नोकरी लागली. मग वाटलं, ती विसरली असेल. माणसाला कारणं कमी पडत नाहीत. दर वर्षी नाताळनंतर मी सिस्टरांना भेटायला जायचो. चहा व्हायचा, माझ्या मुलांची चौकशी व्हायची आणि मी उठलो की त्या विचारायच्या, "गेला होतात?" मी म्हणायचो, "नाही अजून." एवढंच. त्या कधी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

यंदाच्या जानेवारीत त्या अंथरुणावरच होत्या. मी निघालो तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला आणि काहीच विचारलं नाही. वयानं विसरल्या असतील, असं समजून मी जिना उतरलो. हलकं वाटलं, हे लिहायलाही जड जातंय.

त्यांना जाऊन महिना झाला तेव्हा कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती; तिला मी वेळेवर गेलो. मिस्सा संपल्यावर चाळिशीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. "ओळखलंत का, सर?" वैशाली. ती आता फिजिओथेरपिस्ट आहे. दोन वर्षं दर शनिवारी ती सिस्टरांचे पाय चालते ठेवायला येत होती. हे मला माहीत नव्हतं. सिस्टरांनी कधी सांगितलं नाही.

"मलाही विचारायच्या त्या," ती म्हणाली. "सर आले होते का, म्हणून. मी नाही म्हणायचे. मग म्हणायच्या, येतील."

मागून येणाऱ्यांना वाट द्यायला मी बाकाकडे सरकलो.

"गेल्या डिसेंबरात फारच थकल्या होत्या. मग मी सांगून टाकलं, आले होते, माफी मागून गेले, चहापण घेतला. त्या दुपारी छान झोपल्या." तिनं घड्याळ बघितलं. "साडेसहाला माझा पेशंट आहे. तेवढ्यात माझं खोटं खरं करणार असाल तर बघा."

मग तिथे, बाकांच्या रांगेत उभं राहून, मी माफी मागितली. तीनच वाक्यं होती. तेवढ्यासाठी मी अर्धं आयुष्य थांबलो होतो.

"ऐकलं," ती म्हणाली. "मला तुमचा एवढा राग नव्हता, सर. तुम्हाला काही कळत नव्हतं, ते तुमच्या तोंडावरच दिसत होतं. वर्गात चाळीस मुली होत्या, त्यांना कळत होतं. त्यातली एकही उठली नाही."

निघताना ती मला वर सिस्टरांच्या खोलीकडे घेऊन गेली. पडदे धुतले होते. पलंगावर आता दुसऱ्या एक वृद्ध सिस्टर होत्या. आम्हाला दारात बघून त्यांनी विचारलं, "कोणाकडे आलात?"

"सिस्टर बेनितांकडे," वैशाली म्हणाली.

"त्या गेल्या, बाळ. महिना झाला."

"माहीत आहे, सिस्टर," वैशाली म्हणाली. "सरांना यायला उशीर झाला."