डाव्या हाताची धार

अकरा वर्षं एकच काम केलं की माणसाचं नाव मागे पडतं आणि काम पुढे येतं. रोपवाटिकेत तिला सगळे पिशवीताई म्हणत. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माती, वाळू आणि शेणखत भरायचं, पिशवी दोनदा आपटून बसवायची आणि रांगेत उभी करायची, हे तिचं काम. दिवसाला चारशे पिशव्या. तिची रांग इतकी सरळ असायची की मुकादम पाहुण्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणायचा. पाहुणे माना डोलवायचे, ती कोपराने घाम पुसायची. पण तिचा सगळा जीव होता शेडमधल्या लांब बाकावर.

त्या बाकावर सहाजणी बसून गुलाबाचे डोळे भरत. म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडाला चाकूने चीर द्यायची, चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा कोंब सालीसकट अलगद उचलायचा, त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. त्या कोंबाला तिथे डोळा म्हणतात. तीन आठवड्यांनी पट्टी सोडल्यावर हिरवा दिसला तर धरला, काळा पडला तर गेला. पिशवीताईला हे सगळं तोंडपाठ होतं. तिने भरलेले डोळे तेवढे धरत नव्हते.

शिकवायला घरचंच माणूस होतं, तिची थोरली जाऊ. बाकावर सगळ्यात जुनी तीच, आणि जिभेला धार चाकूपेक्षा जास्त. "चाकू आणि नवरा मी उसना देत नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, पण आपला झिजलेला जुना चाकू तिने धाकटीला जेवणाच्या सुट्टीपुरता गुपचूप दिला होता. पिशवीताई डावखुरी. तिने कोंब उचलला की खालची साल कधी जाड यायची, कधी मधेच फाटायची. उजव्या हाताने करून पाहिलं, तेव्हा गुलाबाऐवजी अंगठ्यालाच पट्टी गुंडाळावी लागली. मुकादम मागे उभा राहून बघायचा.

"हात वाकडा आहे तुझा, ताई," तो म्हणायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला स्वतःचं म्हणणं फार पटायचं. "पिशव्या भर. त्यात तुझा हात धरणारं कोणी नाही."

मग एक दिवस बाकावरचं एक स्टूल रिकामं झालं. तिथली बाई मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ती नातवातच रमली आणि परत येत नाही म्हणून तिने कळवून टाकलं. मुकादमाने जाहीर केलं, सोमवारी ज्याला यायचंय त्याने यावं. पन्नास डोळे भरायचे, चाळीस धरले तर स्टूल तुमचं. नाही धरले तर बाहेरून माणूस आणू. चाकू आपापला. हात वर झाला तो एकच, आणि तोही डावा. बाकावरच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. पिशवीताई त्रेचाळीस वर्षांची होती. बाहेरचं माणूस एकदा बसलं की ते वीस वर्षं उठणार नाही, हे तिला कळत होतं.

जाऊचा जुना चाकू झिजून दाभणाएवढा झाला होता. पन्नास डोळे त्याच्याने झेपले नसते. नवा घेणं भाग होतं.

"मला चाकू घ्यायचाय," तिने रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं.

नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. बोलायचा कमी, पण बोलला की असा. "माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ताट पुसून खाल्लं आणि म्हणाला, "तुझ्या चपलांचे पैसे बाजूला आहेत ना, ते घे."

"चपलांचा तळ गेलाय."

"वरून छान दिसतात की. तळ कोण बघतंय?"

शनिवारी अर्धा दिवस असायचा. ती थेट कात्र्या-चाकूंच्या दुकानात गेली. दुकान एवढं अरुंद की आतला माणूस बाहेर आल्याशिवाय बाहेरचा आत जाऊ शकत नव्हता. गल्ल्यामागे एक म्हातारा बसला होता, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, मागे धार लावायचं यंत्र. पिशवीताईची नजर काचेत ठेवलेल्या एका लाल चाकूवर पडली आणि तिथेच चिकटली. सात पाती, शिवाय छोटी करवत, बाटली उघडायचं, स्क्रू पिळायचं. चपलांच्या पैशात बसत होता. तिने तो मागून हातात घेतला.

"याने काय करणार?" म्हाताऱ्याने विचारलं.

"डोळे भरणार."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "कोणाचे?"

"गुलाबाचे, काका."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्याने लाल चाकू तिच्या हातातून काढून परत काचेत ठेवला. "सात पाती घेतलीत तर तुमचे पैसे सात ठिकाणी वाटले जातात. तुम्हाला एकच पातं लागतंय. सगळे पैसे त्याच्यावर घाला."

त्याने समोर तीन साधे चाकू मांडले आणि निवडायचे कसे तेही दाखवलं. पातं उघडून चिमटीत धरायचं आणि डावी-उजवीकडे हलवायचं. खुळखुळलं तर खिळा ढिला, तो बाद. मिटताना पातं मुठीच्या दोन कडांच्या बरोबर मधून गेलं पाहिजे, कडेला घासलं तर तोही बाद. उघडल्यावर स्प्रिंगने खाडकन पकडलं पाहिजे, नाहीतर बोटांवर मिटतं. मुठीच्या चकाकीकडे बघायचंच नाही. पिशवीताईने तिन्ही चाकू इतक्यांदा उघडले-मिटले की शेजारच्या दुकानातला न्हावी डोकावून गेला. पहिला खुळखुळला. दुसरा घासला. तिसऱ्याची मूठ साध्या लाकडाची, रंगाचा पत्ता नाही, पण खाडकन असा आवाज आला की तिला हसूच फुटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती काहीतरी पारखून घेत होती, आणि पारखणं तिला जमत होतं.

"थांबा," म्हातारा म्हणाला. "डोळे भरायचा खास चाकूही एक आहे. महाग आहे, पण हातात धरून बघा."

तिने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची काडी काढली. खास चाकूने कोंब उचलायला गेली आणि साल नेहमीसारखी मधेच फाटली. तिचा चेहरा पडला. "चाकूचा दोष नाही, काका. हात वाकडा आहे माझा."

"परत कापा. सावकाश."

तिने परत कापलं. म्हातारा वाकून बघत होता, बघता बघता हसायला लागला. त्याने पातं उजेडात आडवं धरून दाखवलं. "ही बाजू सपाट, ही उतरती. सपाट बाजू काडीला टेकली की कापणी सरळ येते. उजव्या हातात ती टेकते. तुमच्या हातात उतरती बाजू टेकते, म्हणून पातं भरकटतं. हात कसला वाकडा? चाकू उजवा आहे."

पिशवीताईला आधी राग आला. अकरा वर्षांत बाकावरच्या एकीलाही हे सुचलं नव्हतं, कारण सगळ्या उजव्या. मग राग कुठल्या कुठे गेला आणि तिला इतका आनंद झाला की ती तिथल्या स्टुलावर बसूनच राहिली. तिचा हात चांगला होता. पहिल्यापासून चांगला होता.

"डावा मिळतो?"

"मागवावा लागेल. दीड महिना, आणि दुप्पट पैसे." म्हाताऱ्याने लाकडी मुठीचा साधा चाकू उचलला. "पण याचं पोलाद उत्तम आहे. बसा तासभर, डावी धार काढून देतो."

तासाभराने त्याच काडीवरचा पुढचा कोंब तिने एका फटक्यात उचलला. खालची कापणी काचेसारखी गुळगुळीत. म्हाताऱ्याने धार काढायचे वेगळे पैसे घेतले नाहीत. असा चाकू आयुष्यात पहिल्यांदाच केला, मजुरी काय लावायची ते मला ठाऊक नाही, असं तो म्हणाला.

सोमवारी तिने पन्नास डोळे भरले. त्यानंतरचे तीन आठवडे तिने कसे काढले ते विचारू नये. पिशव्यांच्या रांगा वाकड्या व्हायला लागल्या आणि पाहुण्यांना दुसऱ्या वाटेने न्यावं लागलं. पट्ट्या सोडायच्या दिवशी मुकादम स्वतः सोडायला बसला, मोठ्याने मोजत. सेहेचाळीस हिरवे निघाले. उरलेले चारही त्याने दोनदा बघितले, न जाणो त्यातलाही एखादा हिरवा असेल. पिशवीताईचे डोळे भरून आले, पण तसं म्हणायची तिथे सोय नव्हती, कारण त्या शेडमध्ये त्याचा अर्थ वेगळा होतो.

"तो चाकू बघू," मुकादम म्हणाला. त्याने उजव्या हातात घेतला, ऐटीत एक कोंब उचलायला गेला आणि साल टरकन फाटली. पुन्हा गेला, पुन्हा फाटली. बाकावरच्या सगळ्या टक लावून बघत होत्या. त्याने चाकू मिटून तिच्या हातात दिला. "अकरा वर्षं मी चुकीचं सांगत होतो तुला," तो म्हणाला, आणि तेही हळू आवाजात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता स्टूल. रिकामं स्टूल बाकाच्या मधोमध होतं. पिशवीताई तिथे बसली आणि तिचं डावं कोपर शेजारणीच्या उजव्या कोपराला लागलं. थोडं सरकली, तरी लागलं. दोघींच्या हातात उघडे चाकू. मुकादम डोकं खाजवायला लागला. डावखुऱ्या माणसाला डावीकडचं टोक हवं, हे उघड होतं, पण डावीकडच्या टोकाला खिडकी होती, आणि खिडकीशी अठरा वर्षं थोरली जाऊ बसत होती. तिला ऊठ म्हणायची हिंमत मुकादमाच्या बापाची नव्हती.

थोरली जाऊ उठली. आपलं स्टूल उचलून मधल्या जागी आणलं आणि धाकटीला कोपराने ढकललं.

"जा, तिकडे बस. मला त्या खिडकीतलं ऊन सोसत नाही हल्ली."

त्या दिवशी सकाळपासून ढग होते.