वाढत्या अंगाची जर्सी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नामदेवकाकांचं नाव घेतो. आणि ऐकणाऱ्याचा अर्धवट समज होऊ नये म्हणून लगेच हेही सांगतो की, या माणसाने मला शिकवलं, सांभाळलं, पोटभर जेवू घातलं, पण माझ्या मापाचा एकही कपडा कधी घेऊ दिला नाही.

नामदेवकाका माझे सख्खे काका नव्हेत. उरणकडच्या मिठागरात ते आणि माझे वडील शेजारी शेजारी उभे राहून मीठ ओढत. पुढे काकांची जमीन नव्या वसाहतीत गेली, बदल्यात प्लॉट मिळाले आणि काका पनवेलला येऊन बिल्डर झाले. आमच्याकडे जमीनच नव्हती. सातवीनंतर मला पनवेलच्या शाळेत घालायचं ठरलं तेव्हा काकांनी वडिलांना एवढंच सांगितलं, "पोरगा आमचे घरा ठेव. आमी दोगंच हाव, भात उरतंय."

भात उरायचा हे खरं. काकूंना दोन माणसांचा स्वयंपाक करताच येत नसे, कारण काका रोज स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "कुनी आलं तं?" घरातला टीव्ही एवढा मोठा की, तो आत आणायला दाराची चौकट काढावी लागली होती. गॅसची शेगडी चार बर्नरची. पंगतीच्या आकाराची दोन पातेली माळ्यावर पालथी पडलेली. कुणी आलं तर, म्हणून. आणि खरंच कुणीतरी आलं. ते कुणी म्हणजे मी.

शाळेचा पहिला गणवेश घ्यायला काका स्वतः आले. दुकानदाराने माझ्या मापाचा शर्ट काढला तेव्हा त्यांनी तो हातही न लावता परत केला. "वाढते आंगाचा दे." दुसरा काढला. "आजून वाढू दे." तिसरा शर्ट माझ्या गुडघ्यांना लागत होता. काकांनी माझ्या कुशीपाशी दोन बोटांच्या चिमटीत कापड धरलं, ओढून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली, "हां. जागा हाय." ही चिमूट म्हणजे त्यांची मोजपट्टी. दुकानदार म्हणाला, "शेट, हा दहावीच्या मुलाचा आहे." काका म्हणाले, "मंग? दहावीला जानार नाय काय ह्यो?"

अशा तऱ्हेने मी दहावीचा शर्ट आठवीत घातला. बुटांत पुढे कापूस कोंबलेला असे. सायकल घेतली तीही मोठ्या माणसांची. पहिलं वर्ष मी ती दांड्याखालून पाय घालून कैचीने चालवली. शाळेच्या कुठल्याही फोटोत माझे हात दिसत नाहीत, नुसत्या बाह्या दिसतात. शर्ट नीट बसायला लागेपर्यंत कॉलर फाटायची, मग नवा शर्ट यायचा आणि मी पुन्हा त्यात बुडायचो.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पदवीदान समारंभाला काका, काकू आणि माझे आईवडील, चौघेही आले. तो काळा झगा सगळ्यांनाच ढगळ होता. काकांनी माझ्या झग्याला चिमूट लावली आणि वडिलांना म्हणाले, "बग, हितं शिकलेली मानसं हायेत. कपडा कसा शिवाचा त्यांना कलतंय."

मला द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या कंपनीत हिशेबनिसाची नोकरी लागली. खुर्चीतलं काम, त्यात काकूंचा भात. पोट सुटलं. त्याच सुमारास माझी दाढ दुखायला लागली. नवीन पनवेलमधल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या दर रविवारी दहा-बारा जणांना घेऊन सायकलवरून नेऱ्याच्या बाजूला जात. सगळे त्यांना कॅप्टन मॅडम म्हणत. दाढेत मशीन घालून त्या म्हणाल्या, "या रविवारी येताय ना?" तोंड उघडं असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्याच रविवारी माझ्या ऑफिसच्या पँटचा पायचा साखळीत अडकून फाटला. कॅप्टन मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला फार काही घेऊ नका. हेल्मेट, गादीची चड्डी, हातमोजे आणि एक जर्सी. पण सगळं अंगाला घट्ट बसणारं हवं. पुढच्या महिन्यात आपण चिरनेरला जाणार आहोत. तिथे ग्रुपचा फोटो काढतो."

घट्ट! हा शब्द डॉक्टरांच्याच तोंडून आलेला. मी मनाशी ठरवलं की, उभ्या जन्मात एकदा तरी मापाचा कपडा घालायचा आणि त्या फोटोत आपले हात दिसू द्यायचे. काकांना नुसतं सांगावं आणि एकट्याने जाऊन घेऊन यावं, असा बेत होता. पण खरेदी म्हटल्यावर काकांनी चप्पल आधीच पायात घातली होती.

दुकानातला विक्रेता काटकुळा, हसतमुख आणि स्वतः सायकल चालवणारा होता. त्याने आधी हेल्मेट दिलं. काकांनी ते उलटंपालटं केलं. "याला भोकां किती!"

"काका, हवा खेळायला."

"हवा पायजे तं टोपी काढून ठेव ना. मोठी दे. आजून हापिसाच्या परीक्षा देनार हाय ह्यो, डोका वाढंल."

हातमोजे अर्ध्या बोटांचे निघाले. काकांनी त्यांतून आपली बोटं बाहेर काढून दुकानभर दाखवली. "अर्धा कपडा कापून ठेवलाय आनि पैशे पुरे घेतंय." जर्सीचे खिसे पाठीवर आहेत हे पाहून त्यांना त्या विक्रेत्या मुलाची खरोखर काळजी वाटली. "आरं बाला, पाठीला खिसा? ही चोरांची सोय कुनी केली?"

मग चड्डी आली. काकांनी तिची गादी दाबून पाहिली. "हितंच हाय, मांडीला नाय. कापूस संपला काय?" विक्रेता माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, एक लक्षात ठेवा, ही घातली की आत दुसरं काही घालायचं नाही." मी मान हलवली. पण काकांचे कान तीक्ष्ण.

"आत काय नाय घालाचा?" काकांचा आवाज मिठागरात घडलेला, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचणारा. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. "आरं, शिकलेला पोरगा हाय ह्यो! बीकॉम!"

शेवटी जर्सीच्या मापावर आलो. मी धीर करून म्हणालो, "काका, ही बरोबर बसते." काकांनी चिमूट लावली. कापड हाती लागेना. त्यांचा चेहरा इतका उतरला की, मी ती काढून काउंटरवर ठेवली. विक्रेत्याने भिंतीवरचा मापांचा तक्ता दाखवला, वाऱ्याचा अडथळा कसा होतो ते समजावलं. काका म्हणाले, "वारा आज हाय, उद्या नाय. जर्सी राहील." मोठ्यात मोठी निळी जर्सी बांधून मिळाली. चड्डीही त्याच घराण्यातली.

चिरनेरच्या आधीच्या रविवारी आमचा मोठा सराव होता. खाडीवरचा वारा सुटला होता. तो गळ्यातून शिरला आणि पाठीकडून बाहेर पडायचा रस्ता शोधत आतच राहिला. मी फुगलो. मागून कुणीतरी ओरडलं, "पॅराशूट उघडलं रे!" चड्डीतली गादी फिरत फिरत डाव्या मांडीवर आली, तेव्हा मी बसलेल्या बाजूला गादी उरली नाही. एका खड्ड्याला हेल्मेट डोळ्यांवर उतरलं आणि मी कुणाच्या तरी शेवग्याच्या झाडापाशी थांबलो. थांबलो म्हणजे झाडाने थांबवलं. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

कॅप्टन मॅडमनी कोपराला पट्टी बांधली आणि आपल्या गाडीतून ग्रुपची एक जर्सी आणून दिली, तशाच निळ्या रंगाची. "ही घाला. आणि ही तुमची पुन्हा घालून आलात तर चिरनेरला येऊ नका. कधीतरी चाकात जाईल."

ती मी तिथेच, झाडाआड, अंगात घातली. तिच्या बाह्या जिथे संपायला हव्यात तिथेच संपत होत्या. घरी येताना मी हँडलवरच्या माझ्या मनगटांकडे इतक्यांदा पाहिलं की, पुन्हा एकदा झाड लागलं असतं.

काकूंनी ती जर्सी धुऊन गॅलरीतल्या दोरीवर टाकली. मोठी जर्सी माझ्या पिशवीतच होती. सोमवारी मी ऑफिसात असताना सायकलच्या दुकानातून फोन आला. तोच विक्रेता, पण आवाज रडवेला. "सर, लवकर या. काका आलेत. म्हणतायत, एका धुण्यात कपडा आटला."

मी पोचलो तेव्हा दुकानापुढे माणसं जमली होती. काका ती निळी जर्सी पुराव्यासारखी उंच धरून उभे होते. "बगा! पोरासाठी एवढी नेली होती, आनि ही एवढी झाली! गरिबाच्या पोराला फसवतंय काय?" विक्रेता पुन्हा पुन्हा सांगत होता की, हे कापड आटत नाही. मालक आतून येऊन त्यालाच बोलायला लागला. आता गप्प राहिलो असतो तर त्या मुलाची नोकरी जाणार होती, आणि बोललो असतो तर चारचौघांत काका खोटे पडणार होते.

"काका," मी म्हणालो, "ती आटली नाही. ती दुसरी आहे. मला ग्रुपमधून मिळाली." आणि मग जे इतक्या वर्षांत म्हणालो नव्हतो तेही तोंडून गेलं. "ती माझ्या मापाची आहे."

काकांनी हात खाली घेतला. जर्सी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "घाल बगू."

मी घालून बाहेर आलो. काकांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "हात वर कर. वाक. श्वास घे." मग दोन बोटं कुशीपाशी आली आणि कापड शोधायला लागली. या बाजूला नाही, त्या बाजूला नाही. "जागाच नाय," ते म्हणाले.

"काका, आता मी वाढत नाही."

"नाय वाढत?"

"नाही. जेवढा व्हायचा तेवढा झालो."

हे ऐकून त्यांनी मला पहिल्यांदा बघत असल्यासारखं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "च्यायला," ते हळूच म्हणाले. "कदी झालास?" मग विक्रेत्याकडे वळले. "बाला, माजं चुकलं. तू आमचे घरा जेवाला ये. आनि याला बाकीचा सगला मापाचा दे. टोपी पन, चड्डी पन."

"आणि काका, ती मोठी जर्सी? परत घ्यायची का?"

"परत कशाला? ती मना होईल."

घरी परत येताना ते गाडी चालवत होते आणि रस्त्याकडे बघतच बोलले. "चौथीत माजी पँट मागं फाटली. आंगाला बारीक झालीच होती. दुसरी नवती. पोरां हसली. दुसरे दिवशी बापाबरोबर मिठागरात गेलो. तिकडं पँट लागतच नाय." आणि आपल्याच बोलण्यावर ते एवढे हसले की, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

चिरनेरच्या फोटोत माझे दोन्ही हात दिसतात. काकांनी तो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला आहे. मोठी जर्सी त्यांना नेमकी बसली, पोटासकट. ती घालून ते रोज सकाळी फिरायला जातात, सायकलशिवाय. पाठीच्या खिशात मोबाइल ठेवतात आणि तो वाजला की रस्त्यावर दिसेल त्याला सांगतात, "आरं, जरा माजा खिसा बग." एका हळदीलाही ते ती जर्सी घालून गेले आणि तिथे चार जणांनी त्यांना दुकानाचा पत्ता विचारला.

पुढे कंपनीने मला तुतिकोरीनच्या नव्या गोदामाचा प्रमुख म्हणून पाठवायचं ठरवलं. मी घाबरून नाही म्हणायच्या बेतात होतो, पण शेवटी हो म्हणालो. काकूंनी डबा भरला, वडील गावाहून आले, आणि काका स्टेशनवर एकच वाक्य बोलले, "पोचल्यावर कागुद लिव. फोनवरचा उडून जातंय." काकांचं वाचन चौथीपर्यंतचं, ते सावकाश बोट ठेवून वाचतात. म्हणून मी ठळक अक्षरांत लिहिलं. ते पत्र असं होतं:

*ती. नामदेवकाकांस, साष्टांग नमस्कार.*

*सुखरूप पोचलो. इथेही समुद्राकाठी मिठागरं आहेत. मिठाचे ढीग बघून पहिल्या दिवशी वडिलांची आणि तुमची आठवण झाली. सायकल आणली आहे. रविवारी एकटाच त्या बाजूला जातो. कपडे सगळे मापाचे आहेत, काळजी नसावी.*

*काका, एक गोष्ट मात्र मापाची नाही. हे काम. ऑफिसात शिरलो तेव्हा सगळी माणसं उभी राहिली, आणि मी मागे वळून पाहिलं की कोण आलं. भाषा कळत नाही. सही करायला आणतात ते कागद दोनदा वाचतो. रात्री वाटतं, परत यावं आणि सांगावं की, हे माझ्या मापाचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं तरी माझ्याकडे चुकून आलं.*

*पण मग दहावीचा शर्ट आठवतो. तो घालून आठवीच्या वर्गात शिरलो तेव्हाही पोरं हसली होती. मी पळून गेलो नाही, कारण शर्ट मोठा होता, फाटलेला नव्हता. तशी सध्या मी बाह्या दुमडून नोकरी करतो आहे.*

*दुकानात मी तुम्हाला म्हणालो होतो की, मी आता वाढत नाही. ते कपड्यापुरतं खरं धरावं. इथे दोन बोटांनी धरून पाहिलं. जागा आहे.*

*काकूंना नमस्कार. भात जास्तच टाकायला सांगा. दिवाळीला येतो.*

*तुमचा,*
*बाळ*