बुडालेल्या गावाचं पान

बार्शीच्या एसटीत शेजारच्या सीटवरचे म्हातारे गृहस्थ मी माझ्या लेकीसाठी घेतलेलं जाड चित्रपुस्तक मागून घेऊन वाचत होते. त्यात शहर वाचवायला मुखवटा घातलेला नायक धरणाचे दरवाजे उघडतो आणि खालचं गाव बुडतं. त्या पानावर ते पाण्यातल्या एकेका घरावरून बोट फिरवत राहिले.

"काय शोधताय, काका?"

"आमचं गाव उजनी धरणात गेलंय की. ह्यो गडी वाईट न्हाय बगा. पर बुडालेल्यांच्या दारात एकदाबी गेला न्हाय."

ऑफिसातल्या चौकशीत आम्हा चौघांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून मी एका निर्दोष सहकाऱ्याविरुद्ध खोटा जबाब दिला होता आणि त्याची नोकरी गेली होती. तो बार्शीतच राहतो. दर खेपेला मी त्याची गल्ली टाळायचो. त्या दिवशी स्टँडवरून निघालो आणि त्याच्या दाराची कडी वाजवली.