सदुसष्ट वटवाघळं आणि एक कुलर

आमच्या घरचा कुलर त्या उन्हाळ्यात चालूच झाला नाही, कारण त्यात आधीच दुसरं एक कुटुंब राहायला आलं होतं.

महागावात होळी झाली की घरोघरी एकच काम निघतं. मागच्या खिडकीबाहेर ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला कुलर उघडायचा, टाकी धुवायची, जुनं गवत काढून नवं भरायचं. मी हे काम दरवर्षी 'येत्या रविवारी' करतो. (असे साधारण चार रविवार जातात.) यंदा मात्र घाई होती, कारण माझे सासरे, म्हणजे मामाजी, महिनाभर आमच्याकडे राहायला येणार होते.

ही गोष्ट साधी नव्हती. मामाजी उमरखेडकडचे शेतकरी, जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नेम. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ते सकाळच्या एसटीनं यायचे, चहा घ्यायचे आणि दुपारच्या एसटीनं परत जायचे. यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर शेतातली धूळ बंद केली, आणि मंगलानं, माझ्या बायकोनं, आधी रडून, मग भांडून आणि शेवटी फोन न उचलून त्यांचा होकार मिळवला.

"बाबा पहिल्यांदा आपल्या घरी राहाले येऊन राह्यले," ती मला म्हणाली. "गरमीनं दुसऱ्या दिवशी निंगून गेले, तर मी तुमच्यासंग बोलनार नाही."

म्हणून मी रविवारची वाट न पाहता बुधवारीच मागे गेलो. कुलरखाली बारीक काळ्या लेंड्या पडल्या होत्या. मी विज्ञानाचा शिक्षक! एका नजरेत निदान केलं, उंदीर. पिंजरा लावला, त्यात कांद्याचं भजं अडकवलं. दोन दिवसांत भजं वाळलं आणि लेंड्या वाढल्या. मग शेजारच्या राऊतकाकूंनी कुंपणावरून सांगितलं की गुरुजी, तुमच्या कुलरातून रोज दिवेलागणीला वटवाघळं उडतात. (काकू आठवी पास. मी एम.एस्सी.)

मला तर आनंदच झाला. वीस वर्षं मी फळ्यावर 'वटवाघूळ हा पक्षी नसून सस्तन प्राणी आहे' असं लिहीत आलो, आणि तो सस्तन प्राणी आता आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, माझ्या खिडकीशी आला होता! मी शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, संख्या, जात असे रकाने आखले. ताडपत्रीच्या फटीतून फोटो काढला आणि तासभर तो मोठा करकरून पाहिला. कान मोठे, तोंड चपटं, अंगावर दाट तपकिरी केस. इतके केस म्हणजे जात दुर्मिळच असणार, असं मी जेवताना जाहीर केलं. मंगलानं भाजी वाढता वाढता फोटोवर नजर टाकली.

"हे मांगच्या वर्षीचं कुलरचं गवत हाय," ती म्हणाली.

जातीचा रकाना मी तूर्त कोरा ठेवला आणि मोजणीकडे वळलो. संध्याकाळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो. अंधारू लागलं तशी डोक्यावरून एक सावली गेली, मग दुसरी, मग तिसरी. चौदा भरली. दुसऱ्या दिवशी मदतीला राऊतकाकू आल्या, तेव्हा बत्तीस झाली. तिसऱ्या दिवशी अर्धी गल्ली खुर्च्या घेऊन आली, कुणीतरी चिवडा आणला, आणि आठ-दहा माणसं आठ-दहा दिशांना बोटं दाखवू लागली. मी प्रत्येक बोटामागे वहीत एक रेघ मारली. एकूण सदुसष्ट!

तीन दिवसांत चौदाची सदुसष्ट. मी मंगलाला वाढीचा आलेख काढून दाखवला. त्या आलेखाप्रमाणे महिनाअखेर आम्हाला घर सोडावं लागणार होतं. ती उठली आणि झाडू, टॉर्च आणि धुरी करायला कडुनिंबाचा पाला घेऊन मागे गेली. ताडपत्रीचा कोपरा तिनं उचलला, आत टॉर्च मारला आणि तशीच उभी राहिली. अंगठ्याएवढी एक आई उलटी लटकली होती आणि तिच्या छातीला शेंगदाण्याएवढं गुलाबी पिल्लू चिकटलं होतं. मंगलानं कोपरा हळूच खाली सोडला.

"पिल्लू उडाले लागेपर्यंत राहू द्या त्याइले," ती म्हणाली. "पन बाबाले सांगू नोका. सदुसष्ट आयकले तर ते बस स्टँडवरूनच वापस जातीन."

झालं, कट शिजला. चुकून कुणी पंखा लावला तर अनर्थ व्हायचा, म्हणून मी पंख्याची वायर काढून ठेवली. मामाजींना सांगायचं ठरलं की मोटर जळली, मिस्त्री उद्या येणार आहे. (आमच्या गावात यावर कुणीही विश्वास ठेवतो. मिस्त्री कायम उद्याच येणार असतो.) देखावा पुरा व्हावा म्हणून टाकीत चार बादल्या पाणीही भरून ठेवलं. ही कल्पना माझी. मंगलाचा यात काही दोष नाही.

मामाजी आले ते त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. घामानं निथळत ते मागच्या खोलीत पलंगावर बसले आणि मी मोटरची कथा सांगितली. पण ज्या माणसाचं आयुष्य विहिरीवरची मोटर खोलण्यात आणि लावण्यात गेलं, त्याला मोटरची कथा सांगू नये.

"मोटर जळली म्हनता, मंग वास काहून नाही येत?" त्यांनी विचारलं.

वास काल होता, असं म्हणून मी मठ्ठा आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकलो. तेवढ्यात ते उठले आणि कुलरची सगळी बटनं एकेक करून दाबू लागले. पंखा काही हलला नाही. पण पाण्याच्या पंपाचं बटन वेगळं असतं, वायरही वेगळी असते, आणि वायर मी फक्त पंख्याची काढली होती. (त्याच आठवड्यात मी नववीला विद्युत परिपथ शिकवला होता!)

पंप सुरू झाला. गवतावरून पाणी ठिबकायला लागलं, आतून चिकचिक आवाज आला, आणि कुलरच्या जाळीतून एकामागून एक पाहुणे थेट खोलीत शिरले. मी त्याच क्षणी मठ्ठ्याचे दोन ग्लास घेऊन दारातून आत आलो. एक जण माझ्या कानाजवळून गेला. मी मटकन खाली बसलो आणि दोन्ही ग्लास माझ्याच डोक्यावर रिकामे झाले. माझ्यामागून आलेली मंगला पदर डोक्यावर घेऊन पलंगाखाली गेली. "घाबरू नका, ते सस्तन आहेत!" असं मी ओरडल्याचं ती आजही सगळ्यांना सांगते.

मामाजी मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी आधी पंप बंद केला, मग छताचा पंखा. मग आम्हा दोघांना हाताला धरून बाहेर काढलं, घरातलं दार लावलं आणि अंगणाकडचं उघडं ठेवलं. दिवेलागणीला ती आपसूक निघून जातील, म्हणाले, आणि त्या दाराशी स्टूल टाकून बसले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मठ्ठ्यानं चिकटलेल्या केसांनी सगळं कबूल केलं, सदुसष्टचा आकडाही सांगितला. मंगलाचे डोळे भरून आले होते. एकोणीस वर्षांनी बाप घरी राहायला आला आणि तासाभरात हे! तिला वाटलं, ते उठतील आणि थैली उचलतील. मलाही तेच वाटत होतं आणि माझाच मला राग येत होता.

अंधारायला लागलं तसा मामाजींनी चष्मा काढला आणि एक हात चौकटीला लावला. गोठ्यातून जनावरं सोडताना ते असेच उभे राहतात. पडद्यामागून एक निघालं, दारातून बाहेर गेलं. त्यांनी एक बोट मिटलं. मग दुसरं गेलं, तिसरं, चौथं. पाचव्याच्या पोटाशी पिल्लू होतं. मूठ मिटली. मी टॉर्च घेऊन खोलीचा कोपरा न्‌ कोपरा पाहिला. खोली रिकामी होती.

"पाच," मामाजी म्हणाले. "आता वर पाहा."

मी वर पाहिलं. ती पाच वटवाघळं विजेच्या खांबाला वळसा घालून आमच्या डोक्यावरून गेली, आणि पुन्हा वळसा घालून पुन्हा गेली. हीच मिरवणूक मी तीन दिवस वहीत उतरवत होतो.

"जनावर दारात मोजा लागते, जवाई," ते शांतपणे म्हणाले. "रानात नाही."

मग मंगलानं घाबरत घाबरत विचारलं, सकाळच्या एसटीसाठी कितीला उठवू? मामाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं काही भलतंच विचारलं.

"पिल्लू उडाल्याबिगर कसा जाऊ?" ते म्हणाले. "माही बाज आंगनात टाक. कुलर त्याइलेच राहू दे."

त्या रात्री आमच्या घरात माझ्यापेक्षा सुखी माणूस एकच होता, आणि ती मंगला होती. मामाजी पाच आठवडे राहिले. अंगणात बाजेवर झोपले, कुलरचं नावही काढलं नाही. पाहुणेही पहाटे परत येऊन ताडपत्रीखाली लटकायचे. वही त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. रोज संध्याकाळी ताडपत्रीच्या फटीशी बसून मोजायचे, आणि मी कोरा ठेवलेल्या जातीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'लेकुरवाळी'.

एका संध्याकाळी पाच बोटं मिटल्यावर त्यांनी दुसऱ्या हाताचंही एक बोट मिटलं. पिल्लू एकटं, थोडं वेडंवाकडं, पण उडालं होतं. मंगलानं शिरा केला, राऊतकाकूंकडे वाटी गेली. शिरा खाता खाता मामाजी माझ्याकडे वळले.

"जवाई, एक इचारू? शाळेत पोरं बी तुमीच मोजता काय?"

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत राहवेना. पोरं मोजली, एकेचाळीस भरली. पुन्हा मोजली, त्रेचाळीस. शेवटी मी वर्गाच्या दारात उभा राहिलो, एक हात चौकटीला लावला आणि एकेकाला बाहेर सोडलं. बरोबर अडतीस निघाली, आणि शाळा सुटली असं समजून अडतीसच्या अडतीस घरी पळाली.