उपग्रह गप्प झाला तेव्हा

आमच्या कॉलेजनं सोडलेला छोटा उपग्रह थकला होता. आकाशात त्याची बॅटरी फुटली, तर तुकडे दुसऱ्या उपग्रहांवर आदळतील, या धास्तीनं मला आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं. त्या सकाळी तो डोक्यावर आला. बॅटरी रिकामी करून रेडिओ कायमचा बंद करण्याचा आदेश मी द्यायचा होता.

"सर, तो क्षितिजाआड जायला आठच मिनिटं आहेत," माझी विद्यार्थिनी मेधा म्हणाली.

"आदेश अर्धवट पोचला तर?"

"उद्या तो ऐकेल याची खात्री नाही, सर."

मी बटण दाबलं. बॅटरी रिकामी होऊ लागल्याचा निरोप आला, मग हेडफोनमधला उपग्रहाचा आवाज थांबला. मेधानं सुस्कारा सोडला. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला श्वास ऐकू येईनासा झाल्यावर काय वाटतं, ते मला कळलं. सगळं सुखरूप पार पडलं होतं, तरी हेडफोन काढायचा धीर होईना.