कमळाकरच्या फ्रिजमधले जिताडे

कमळाकर घरतनं आयुष्यात एकच नोकरी केली, तीही अकरा दिवस. तळोज्याच्या एका कारखान्यात पोती उचलायची. बाराव्या दिवशी तो गेलाच नाही. मुकादम घरी विचारायला आला, तेव्हा त्याला म्हणाला, "तुमची पाळी आन आमची भरती जुळत नाय." मुकादम हसत परत गेला. गावात ही गोष्ट लोक अजून कौतुकानं सांगतात. मी अकरा दिवसांत काम सोडलं असतं तर कुणी कौतुक केलं नसतं.

आम्ही एका वयाचे. पनवेलच्या खाडीकाठी एकाच आळीत वाढलो. दोघांचेही बाप मिठागरावर राबले. सातवीनंतर मी खारबांधाच्या कामावर लागलो. चिखल काढायचा, बांधावर टाकायचा, चोपायचा. पुढं मला उघाडीवर घेतलं. उघाडी म्हणजे बांधातली दारं. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं आणि भरती आली की दारं मिटतात, खारं पाणी बाहेर राहतं. दारांच्या आतल्या अंगाला सळ्यांची जाळी असते, तिला कचरा अडकतो. तो काढला नाही तर दार नीट मिटत नाही आणि सगळ्या गावाचं भात खारं होतं. सव्वीस पावसाळे मी ती जाळी साफ केली. दिवसाची असो की रात्रीची, एक ओहोटी चुकवली नाही. आईच्या दहाव्याला भटजींना वेळ दिली ती भरतीचं गणित करून.

त्या सव्वीस वर्षांत कमळाकर माझ्यापासून वीस पावलांवर बांधावर बसून गळ टाकत होता.

घर चालवलं ते सत्यवतीनं, त्याच्या बायकोनं. सकाळी टोपली घेऊन पनवेलच्या मासळी बाजारात जायची, दुपारी यायची. येताना बांधावर तो दिसला की मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "भावोजी, आमचा मानूस खाडीनं घरजावई करून घेतलाय. जेवायला तेवढा आमच्याकडं येतो." कमळाकर मागं वळूनही बघायचा नाही. तिच्या बोलण्यात राग नसायचा, हे मला खटकायचं. मी दिवसभर चिखलात उभा राहून घरी गेलो की माझी बायको कुमुद माझ्याशी सरळ बोलायची, पण असं लाडानं कधी बोलली नाही.

जिताड्याचं प्रकरण सुरू झालं ते माझ्या कचऱ्यातून. जाळीवरचा कचरा मी दाताळ्यानं ओढायचो, घमेल्यात भरायचो आणि बांधाच्या वर नेऊन टाकायचो. शेवाळ, पेंढा, पिशव्या, चपला. एका श्रावणात कमळाकर गळ सोडून त्या ढिगाजवळ उकिडवा बसला आणि बोटांनी शेवाळ उकलायला लागला.

"भगवान, ही जिताड्याची पिल्लं हायत."

"कचरा हाय तो."

"अरं, कपालावं पांढरी रेघ बघ."

"तू बघ. माझी अजून चार घमेली बाकी हायत."

त्यानं डब्यातली भाजी खाऊन टाकली, डबा धुतला, त्यात पाणी घेतलं आणि जिवंत होती तेवढी पिल्लं घेऊन गेला. नखाएवढी होती, तपकिरी. मला वाटलं, रिकाम्या माणसाचा खेळ.

जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा. जावई यायचा असला की जिताडा. साहेबाकडे काम अडलं की त्याच्या घरी जिताडा. माझ्या लहानपणी दोघांनी काठीला अडकवून आणावा लागेल असा जिताडा खाडीत मिळायचा. आता वीतभर मिळाला तरी लोक फोटो काढतात. भराव झाले, नाले काळे झाले आणि पिल्लू वाढायच्या आत जाळ्यात येऊ लागलं. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. पण ते पिल्लू माझ्याच घमेल्यातून जातं, हे मी कधी पाहिलं नाही, कारण मी घमेलं भरत होतो.

कमळाकरनं कुणाचा तरी बंद पडलेला फ्रिज आणला, दार काढून घरामागं आडवा टाकला, त्यात खाडीचं पाणी भरलं. त्यात पिल्लं सोडली. जिताड्याची पिल्लं एकमेकांना खातात. मोठं लहानाला गिळतं. म्हणून दर तिसऱ्या दिवशी हा सगळी पिल्लं बशीनं उचलून आकाराप्रमाणे वेगळी करायचा. फ्रिजमध्ये फळकुटं लावून तीन कप्पे केले होते. पाणी रोज अर्धं बदलायचं, म्हणजे खाडीतून बारा कळश्या. खायला कोळंबीचा चुरा. वीतभर झाली की भाद्रपद-आश्विन उलटल्यावर टोपात घालून खाडीत सोडून यायचा. एकही विकलं नाही. सत्यवती म्हणायची, "माझ्या सवतीची पोरं हायत ती. मी त्यांना हात लावत नाय." पण कोळंबीचा चुरा तीच आणायची.

हे त्यानं सतरा वर्षं केलं. मी त्याला काम म्हटलं नाही. बारा कळश्यांचा हिशेब मी आज मांडतो आहे. तेव्हा मांडला नव्हता.

मी निवृत्त झालो. उघाडीवर मासे पकडायचा ठेका कृष्णकांत शेठकडे गेला. त्याचं स्वतःचं तळं आहे, शिवाय बांधकामाचा धंदा. दारामागं त्यानं डासही सुटणार नाही अशा बारीक भोकांचं जाळं लावलं. मी रोज सवयीनं तिथं चक्कर मारायचो. एका सकाळी मत्स्य विभागाची गाडी आली. एक तरुण अधिकारी उतरली. नाव अंकिता. मी उघाडीवर, हात कठड्यावर ठेवून उभा. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, उघाडीबद्दल विचारेल.

"काका, कमळाकर घरत कुठे राहतात?"

मी हातानं दाखवलं. ती गेली आणि दोन तास त्याच्या घरामागं फ्रिजपाशी बसली. पाटावर नाही, जमिनीवर. मी दोनदा त्या वाटेनं गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती वहीत लिहीत होती आणि कमळाकर चहा पीत गप्प बसला होता. तो गप्प असला तरी ती त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती. सव्वीस वर्षांत माझ्या साहेबानं मला एक प्रश्न विचारला होता, दाताळं हरवलं का म्हणून.

काही महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. खाडीतल्या जिताड्याच्या रक्षणासाठी नियमांचा मसुदा. ठरावीक लांबीपेक्षा लहान जिताडा पकडायचा नाही, विकायचा नाही. उघाड्यांजवळ जून आणि जुलै जाळं लावायचं नाही. हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात, त्यानंतर पनवेलला सुनावणी.

कृष्णकांत शेठ कागद वाचून म्हणाला, "चांगला नियम हाय. माझा पाठिंबा." तो का खूष झाला ते मला तिथल्या तिथं कळलं. आषाढात उघाडीत पिल्लू येतच नाही. येतं ते श्रावण-भाद्रपदाच्या उधाणांना, दारांच्या फटींतून. दोन महिने चुकीचे धरले होते, खऱ्या हंगामात शेठचं जाळं तसंच राहणार होतं.

हे कमळाकरलाही कळलं. चार दिवसांनी संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. तो कधी कुणाच्या ओट्यावर जात नाही.

"भगवान, महिने बदलायला पायजेत. मी अर्ज दिलाय. पन मॅडम बोलली, एकट्याच्या सांगन्यावं व्हनार नाय. उघाडीवं काम केलेल्याचा जबाब पायजे."

"मंग?"

"तू हायस ना."

"मी काय सांगू? मला मासे कलत नाय. तुला कलतात."

"तू जाली साफ करायचास. कवा काय निघायचं तेवढंच सांग."

मी म्हणालो, माझे गुडघे दुखतात, पनवेलला जमणार नाही. तो "बरं" म्हणाला आणि गेला. आग्रह केला असता तर मला बरं वाटलं असतं.

कुमुद आतून सगळं ऐकत होती. "काल बाजारात चालत गेलात तवा गुडघं कुठं ठेवले व्हते?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय नाय. त्याचं नाव झालं तर तुमचं काय जातं, तेवढं सांगा."

मी सांगितलं नाही. खरं कारण दोन पदरी होतं. एक, त्याचं नाव मोठं करायला मी कशाला जाऊ. दुसरं, जाळीतून काय निघायचं हे सांगायचं तर ते मी कुठं टाकायचो हेही सांगावं लागणार. एकही ओहोटी चुकवली नाही, ही माझ्या आयुष्याची एकच कमाई. ती चारचौघांत उलटी करून दाखवायची माझी तयारी नव्हती.

सुनावणीला मी गेलो. त्याला मदत करायला नाही. त्याची फजिती होईल ती बघायला गेलो. मागच्या रांगेत बसलो.

चाळीसेक माणसं होती. अंकिता मॅडम आणि तिचे वरिष्ठ साहेब समोर. कृष्णकांत शेठनं मसुद्याला पाठिंबा दिला, चांगलं बोलला. मग कमळाकर उठला. त्याला सभेत बोलायची सवय नाही. खाली बघत म्हणाला, "जून-जुलै बंद ठेवून उपेग नाय. पिल्लू श्रावन-भादव्यात येतं. ते दोन म्हयने बंद ठेवा."

शेठ हसला. "कमळाकरदादा, तुमी गळ टाकून बसता. पिल्लू कवा आलं, कवा गेलं, कोनी मोजलं?"

"मी बघितलं. उधानाच्या दिवशी जालीतून पाच-सहा घमेली निघायची, पिल्लांनी भरलेली."

"पाच का सहा?"

लोक हसले. कमळाकरही थोडं हसला. "आसंल पाच-सहा."

मी उठलो. ठरवून उठलो नाही. पाच-सहा हे शब्द मला सहन झाले नाहीत. माझं काम तो अर्धं करून सांगत होता, आणि तेही अंदाजानं.

"नऊ," मी म्हणालो.

साहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"भगवान. सव्वीस वर्षं उघाडीवर होतो. श्रावण आणि भाद्रपदाच्या अमावास्येला नऊ घमेली निघायची. पौर्णिमेला सात. आषाढात चार, त्यात नुसतं शेवाळ आणि प्लास्टिक."

"शेवाळात पिल्लं होती की नव्हती, हे तुम्हाला कसं कळायचं?"

"वजनावरून. आषाढातलं घमेलं मी एका हातानं न्यायचो. भाद्रपदातलं डोक्यावर घ्यावं लागायचं, आणि डोक्यावर घेतलं की आतली वळवळ कळायची. दसऱ्यानंतर परत हलकं."

मॅडम लिहीत होती. तिनं विचारलं, "आणि ती घमेली पुढे कुठे जायची, काका?"

"बांधावर टाकायचो. उन्हात."

शेठ मागं वळला. "म्हंजे जिताडा संपवला तो तूच. आमच्या जाल्याला कशाला दोष देता?"

"मी संपवला तेवढा मी सांगितला," मी म्हणालो. "नऊ घमेली, उधाणाची एक ओहोटी. तुझं जाळं माझ्या जाळीपेक्षा बारीक आहे. तुझी किती, ते तू सांग."

जबाब टाइप करून आणला, मी वाचून सही केली. एका ठिकाणी 'सुमारे नऊ' लिहिलं होतं. त्यातलं 'सुमारे' मी काढायला लावलं.

घरी येताना कमळाकर रिक्षात माझ्या शेजारी बसला होता. उतरल्यावर तो म्हणाला, "नऊ व्हय? मला वाटायचं सहा." आणि रिक्षावाल्याकडे वळला.

अंतिम आदेश निघाला त्यात महिने बदलले होते. ऑगस्ट आणि सप्टेंबर, उघाडीपासून ठरावीक अंतरापर्यंत कुठलंही जाळं नाही. कृष्णकांत शेठला जाळं काढावं लागलं. आदेशात माणसांची नावं नसतात, 'प्राप्त सूचनांचा विचार करून' एवढंच असतं. देखरेखीच्या समितीवर मात्र गावातून एक माणूस घेतला. कमळाकर. माझं नाव कुणी सुचवलं नाही, आणि सुचवावं असं काही कारणही नव्हतं. ज्यानं सतरा वर्षं पाणी वाहिलं त्याला घेतलं. माझ्या मापानं मोजलं तरी तेच उत्तर येतं. मापून झाल्यावरही मला ते बोचतं.

देवळासमोर छोटी सभा झाली. मॅडम आली होती. कमळाकरला नारळ आणि शाल दिली. त्याला बोलायला सांगितलं. तो नारळ दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ह्ये माझ्यामुलं झालं नाय. भगवानमुलं झालं. मी पाच-सहा बोललो व्हतो. त्यानं मारलेली पिल्लं सोताच्या तोंडानं मोजून दिली. तसं मला जमलं नसतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यवतीनं डोळे पुसले. टाळ्या माझ्यासाठी होत्या असं कुमुद म्हणते. मला तसं वाटलं नाही. तो असं बोलला, म्हणून त्या वाजल्या.

मॅडमनं मला विचारलं, काका, तुम्ही दोन शब्द बोलता का. कमळाकरबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. बारा कळश्या होत्या, तीन कप्पे होते, दर तिसरा दिवस होता. एवढं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं. मी उभा राहिलो. "गुडघे दुखतात," म्हणालो, आणि खाली बसलो.